बोडीत कोण कोण राहणार

मत्स्यशेतीची कुठलीही पुस्तिका उघडा, सुरुवातीच्या पानांत तळ्याचा उभा छेद काढलेला असतो. वरच्या पाण्यात कटला, मधल्या पाण्यात रोहू, तळाशी मृगळ. शेजारी टक्केवारी. तीनच जाती सोडायच्या असतील तर 4:3:3. सहा सोडायच्या असतील तर वरच्या थराला 40 टक्क्यांच्या आसपास, मधल्याला 25 ते 30, तळाला उरलेले, आणि त्यातच कुठेतरी थोडा गवत्या, म्हणजे ग्रास कार्प. चित्र सुबक असतं, लगेच पटतं. फक्त आमच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, ते बसत नाही. भर श्रावणात पाळीलगत पुरुषभर पाणी असतं, धानाच्या बाजूला कमरेएवढं. माघात पाहावं तर सगळीकडे गुडघाभर. एवढ्याशा पाण्यात वरचा, मधला आणि खालचा असे तीन थर आणायचे कुठून?

बोडी म्हणजे काय, हे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली सोडून बाहेर सांगावं लागतं. धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, वरच्या अंगाला, उताराला आडवी मातीची पाळ घालून अडवलेलं हे घरचं पाणी. या भागातले मोठे तलाव कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधत आणले. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि ते तलाव सरकारजमा झाले. त्यांतले मासे आता सहकारी संस्थांच्या ठेक्याचा विषय. शेतातल्या बोड्या मात्र ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर राहिल्या. आमची आहे अर्ध्या एकराची. वडिलांचे गुडघे गेल्यापासून तिचा हिशेब माझ्याकडे आला. मी नागपुरात राहते आणि शनिवार-रविवारी गावी जाते. बोडी खणली ती धानासाठी, परतीच्या पावसाने दगा दिला तर गर्भार धानाला एक पाणी मिळावं म्हणून. मासे हा तिथला जोडधंदा, आणि त्या जोडधंद्यावरून आमच्या घरात जेवढी चर्चा होते तेवढी धानावरूनही होत नाही.

कारण प्रत्येकाला वेगळा मासा हवा असतो. भावाला वजन हवं. जाळं ओढलं की काट्यावर क्विंटल दिसला पाहिजे. जाळं टाकायला येणारे काका मासेमार ढिवर समाजातले, ते मरळ या शिकारी माशाच्या बाजूचे. आईला बोटाएवढी चिल्लर मासळी हवी, डोक्या-काट्यासकट शिजणारी. आणि मी पुस्तिका वाचून आलेली.

आधी पुस्तिकेच्या बाजूने बोलते, कारण तिच्यात खोटं काही नाही. थरांचं चित्र ही सांगण्याची सोय आहे. खरी वाटणी पाण्याच्या उंचीची नसून खाण्याची आहे, आणि ती कळायला माशाचं तोंड बघावं. कटल्याचं डोकं मोठं, खालचा जबडा पुढे आलेला, तोंड आभाळाकडे उघडणारं. तो पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो. रोहूच्या ओठांना झालर असते. बुडालेल्या काड्यांवरचं शेवाळ, कुजत चाललेला पाला, पाण्यातला वनस्पतीचा चुरा हे त्याचं खाणं. मृगळाचं तोंड जरा खालच्या अंगाला, तो गाळावरचा कुजका थर चिवडतो. सिल्व्हर कार्पच्या कल्ल्यांतली चाळण इतकी बारीक की डोळ्याला नुसता हिरवा रंग दिसतो त्या सूक्ष्म वनस्पती तो गाळून घेतो. गवत्या पाणवनस्पती ओरपतो, त्याच्या अर्धवट पचलेल्या विष्ठेने पाण्याला खत मिळतं. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, गाळात तोंड खुपसून अळ्या, किडे, दाणे सगळं शोधतो. एकाच पंगतीत बसून प्रत्येकाने वेगळा पदार्थ वाढून घ्यावा, तसा हा प्रकार. म्हणून गुडघाभर पाण्यातही या जाती एकत्र नांदू शकतात, थर असोत वा नसोत.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. माशांची अशी निवड करता येणं हेच मुळी नवं आहे. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे पूर्वी बीज म्हणजे पावसाळ्यात नदीतून गाळून आणलेलं जिरं, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, त्यात जे येईल ते. कटल्याबरोबर पाच-पंचवीस शिकारी माशांची पिल्लंही तळ्यात जायची. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो म्हणूनच. मग 1959 मध्ये जपानहून सिल्व्हर कार्प आला, हाँगकाँगहून गवत्या आला, त्याच्या दोन वर्षं आधी बँकॉकहून सायप्रिनसचा एक वाण येऊन गेला होता. 1971 पासून मिश्र मत्स्यशेतीचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला आणि ते सहा माशांचं कोष्टक घडलं. माझे आजोबा बोडीत कोणता मासा सोडू असा विचारच करत नव्हते. पावसात नाल्यातून चढणीला जे येईल ते त्यांचं.

तेव्हा कोष्टकाला नमस्कार. पण ते कोष्टक बारमाही पाणी गृहीत धरतं, दहा-बारा महिने मासा वाढू देतं, आणि तळं आधी रिकामं करून घेतं. आमच्याकडे या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

पाण्याचं बघू. पाऊस बरा असला तर बोडी जुलैच्या अखेरीला भरते. बीज ऑगस्टमध्ये पडतं. ऑक्टोबरात धानाला पाणी द्यावं लागलं तर एका आठवड्यात हातभर पाणी उतरतं. नोव्हेंबरनंतर जे उरतं ते उन्हाने आणि गुरांनी संपवायचं. फेब्रुवारीत ओढजाळं लावावंच लागतं, मार्चमध्ये बोडीत क्रिकेट चालतं. म्हणजे मासा वाढायला हातात सहा, फार तर सात महिने, त्यांतले दोन थंडीचे. गोंदिया-भंडाऱ्याकडे डिसेंबरात पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. थंड पाण्यात कटला-रोहूसारखे कार्प मासे खाणं कमी करतात, वाढ जवळजवळ थांबते. तीन इंची बोटुकली ऑगस्टात सोडली तर फेब्रुवारीत हाताला लागतो पाव-दीड पाव वजनाचा कटला. तो बाजारात कुणी डोळे भरून बघत नाही.

म्हणून मी मोजणी उलटी सुरू केली. पाणी कधी संपतं तिथून मागे येत येत, सोडताना मासा केवढा असायला हवा ते काढलं. उत्तर येतं, शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वर्षभर वयाचा. आंध्रात कोल्लेरूच्या परिसरात हीच रीत आहे. बोटुकल्या एका तळ्यात दाटीने, जेमतेम खाण्यावर वर्षभर खुंटवून ठेवतात. मोकळ्या पाण्यात सोडल्या की त्या भराभर भरून येतात, जणू राहिलेली वाढ वसूल करतात. आमच्या बाजूला असं मोठं बीज मिळतं ते चामोर्शी-मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्त्यांतून. निर्वासित म्हणून आलेली ही माणसं, घरामागे पुकुर, म्हणजे तळं, असल्याशिवाय त्यांना घर वाटत नाही. त्यांच्याकडच्या एका आजींनी मला बीज ओळखायला शिकवलं. हंडीतल्या पाण्यात हात घालून त्या एकेक पिल्लू तळव्यावर घेत. डोकं मोठं तो कटला, अंग सडपातळ आणि शेपटीच्या मुळाशी काळसर ठिपका तो मृगळ. दुचाकीवर हंड्या बांधून गावोगाव फिरणारे विक्रेते ‘मिक्स’ म्हणून जे देतात, त्यात कधीकधी निम्मा मृगळ निघतो, कारण तो स्वस्त.

मासा मोठा सोडायचा म्हटलं की संख्या उतरते. पुस्तिकेप्रमाणे हेक्टरी 5,000 बोटुकल्या, म्हणजे आमच्या अर्ध्या एकराला सुमारे 1,000. मी 400 वर आले. भाऊ दोन दिवस बोलला नाही.

पण जातींचा खरा तिढा सुटतो तो बाजारात, हे मला आंध्राच्याच गोष्टीतून कळलं. तिथल्या शेतकऱ्यांना सहा माशांचं कोष्टक माहीत होतं. त्यांनी ते बाजूला सारलं. त्यांच्या तळ्यांत बहुतांश रोहू, सोबत थोडा कटला, बस्स. कारण त्यांचा मासा बर्फात घालून कोलकात्याला आणि ईशान्येला जातो आणि तिथे मागणी रोहूची. तळ्यातलं खाणं वाया जाईल तर जाऊ दे, ते बाहेरून खाद्य घालतात. तोच मासा थर्माकोलच्या पेट्यांतून नागपुरातही येतो. त्या किमतीशी आमची अर्ध्या एकराची बोडी भांडू शकत नाही. आमचं गिऱ्हाईक म्हणजे आठवडी बाजारातला माणूस. त्याला जिवंत, तडफडणारा मासा हवा असतो आणि त्यासाठी तो चार पैसे जास्त देतो.

इथे सिल्व्हर कार्प हरतो. भावाचा तो लाडका, कारण वाढतो झपाट्याने. पण पाण्याबाहेर काढला की बघता बघता मरतो, लवकर नरम पडतो, काटे बारीक. जाळ्यात उड्या मारून ओढणाऱ्यांची तोंडं फोडतो ते वेगळंच. शिवाय तो आणि कटला एकाच पाण्यात एकमेकांच्या आड येतात. कागदावर एकाचं खाणं वनस्पती, दुसऱ्याचं प्राणी. पण ज्या सूक्ष्म वनस्पती सिल्व्हर गाळून संपवतो त्यांच्यावरच तर कटल्याचे जीव पोसले जातात. हिमाचलातल्या गोविंदसागर जलाशयात 1971 च्या पुरानंतर जवळच्या मत्स्यकेंद्रातून सिल्व्हर कार्प निसटून शिरला. पुढच्या काही वर्षांत त्याने तिथल्या कटल्याला मागे सारून जलाशय ताब्यात घेतला. एवढ्या अथांग पाण्यात ही गत, तर आमच्या बोडीत काय! दोघांपैकी एक ठेवायचा, तर मी कटला ठेवते.

गवत्या वीसेक पुरेत. तेवढ्यांनीही काका नाराज, कारण बोडीच्या एका कोपऱ्यात ते शिंगाडा लावतात आणि गवत्याला कोवळं काहीही चालतं. त्या कोपऱ्याला बांबूची ताटी घातली आहे.

सायप्रिनस मात्र चाळीस-पन्नासांच्या वर सोडू नये असं माझं ठाम मत झालंय. उथळ, हंगामी पाण्यासाठी सगळे तोच सुचवतात आणि त्यांचं खरं आहे, पहिल्या सहा महिन्यांत त्याच्याइतका कुणी भरत नाही. पण पाळ मातीची. हा मासा ती उकरतो, पाणी कायम गढूळ ठेवतो, आणि गढूळ पाण्यात ऊन खाली पोचलं नाही की बाकीच्यांचं खाणं उगवत नाही. मणिपूरच्या लोकताक सरोवरात आणि काश्मीरच्या दल सरोवरात या माशाने स्थानिक माशांना काय दिवस दाखवले ते वाचल्यापासून मी त्याच्याकडे जरा संशयानेच बघते.

थाई मांगूर, चिलापी (तिलापिया), रूपचंद या माशांबद्दल दर पावसाळ्याआधी फोन येतात. मांगूर बंदी असलेला मासा, तो हवेत श्वास घेतो, पुरात सांडव्यावरून निघून नाल्यात गेला की तिथलं जे जिवंत आहे ते खातो. त्यावर चर्चा नको. रूपचंदाला आमची थंडी सोसत नाही. चिलापी 1952 मध्ये श्रीलंकेतून मंडपमला आली, आणि आज उजनीच्या कोळ्यांना विचारा तिच्याबद्दल. दोन-तीन महिन्यांची झाली की पिल्लं घालते, मग तळं बोटभर चिलाप्यांनी गच्च भरतं आणि एकही वाढत नाही.

आता मरळ. पुस्तिकेत मरळीसाठी एकच सूचना असते, काढून टाका. काढायची रीतही दिलेली असते, हेक्टरी 2,500 किलो मोहाची ढेप. आमच्याकडे टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढून उरलेली ही ढेप सगळ्यांना माहीत आहे. तिच्यातल्या सॅपोनिन या विषारी द्रव्याने मासे गुदमरून वर येतात, दोन-तीन आठवड्यांनी विष उतरलं की तीच ढेप खत होते. पद्धत उत्तम. अर्ध्या एकराला पाच क्विंटल ढेप आणायची आणि मरळ, वाघूर, चिल्लर, सगळं एका सकाळीत साफ करायचं.

मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते पाळीवर बसून बिडी ओढत होते. म्हणाले, “ताई, बोडी तं एप्रिलात आपोआप साफ होते. ऊन फुकट हाय. जे उन्हात मरत नाही ते तुमच्या ढेपीनं मारून काय करता?”

त्यांचा मुद्दा मला नंतर नीट कळला. बोडी आटते तेव्हा चिल्लर मरते, कार्प आम्ही आधीच काढलेला असतो. उरते ती मरळ, ओल्या गाळात स्वतःला पुरून घेऊन श्वास रोखल्यासारखी पडून राहणारी. वाघूरही तसाच. पहिल्या पावसात गाळ सैल झाला की दोघंही बाहेर येतात. आजूबाजूच्या नाल्यातले चढणीचे मासे गवतातून, बांधीतून अंग घासत वर येतात ते निराळे. म्हणजे ढेपीने एक वर्ष मरळ मारली तरी पुढल्या आषाढात ती हजर. आणि बाजारात तिला कटल्याच्या दुप्पट-तिप्पट भाव, तोही घमेल्यात पाच बोटं पाण्यात दिवसभर जिवंत राहते म्हणून. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला मरळच द्यायची असा इथला रिवाज. ज्या माशाला माणसं शोधत येतात त्याला पाच क्विंटल ढेप आणून मारायचं, हा हिशेब काकांना पटणारा नव्हताच.

मरळ बोटुकल्या खाते यात शंका नाही. पण खाते ती तोंडात मावेल तेवढाच मासा. तीन इंची बोटुकल्या सोडणाऱ्याची ती वैरीण. शंभर ग्रॅमचा, पाठीला उंच झालेला कटला तिच्या तोंडात जात नाही. उन्हाळा काढून आलेल्या मरळी हडकलेल्या आणि मोजक्या असतात. ज्या दिवशी मी मोठं बीज सोडायचं ठरवलं, ते पाण्याच्या मुदतीमुळे, त्या दिवशी मरळीचा प्रश्नही जवळपास मिटला. ती मग बेडकाची पिल्लं, चतुराच्या अळ्या आणि चिल्लर खाऊन राहते. कधी सांडव्यातून चुकून चिलापी आली तर तिचाही बंदोबस्त करते.

अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्नला एच. एस. स्विंगल नावाचे संशोधक होते. 1930 च्या दशकापासून त्यांनी शेतातल्या लहान तळ्यांवर काम केलं आणि तिथल्या शेततळ्यांची सगळी रीत बसवली. त्यांच्याकडे संतुलित तळं म्हणजे खाणारा आणि खाल्ला जाणारा यांची जोडी: ब्लूगिल हा किडे-अळ्या खाणारा, भराभर पिल्लावणारा मासा आणि त्याच्यावर लार्जमाउथ बास हा शिकारी. शिकाऱ्याच्या वजनाच्या तिप्पट ते सहापट चारा-मासे असले की तळं ताळ्यावर आहे, असं त्यांचं मोजमाप. शिकारी काढला की ब्लूगिल खुरटतात. आपल्या कोष्टकात शिकारी नाहीच, कारण त्यात पिल्लावणारे मासेही जवळजवळ नाहीत. सगळी माणसाने मोजून आणलेली प्रजा. आमची बोडी या दोन्हींच्या मधली निघाली. अर्धी मोजून आणलेली, अर्धी न बोलावता आलेली. त्या दुसऱ्या अर्ध्यावर नजर ठेवायला काका मरळ ठेवतात, स्विंगल न वाचता.

आषाढ-श्रावणात मरळीची पिल्लं लालसर पुंजक्याने पाण्याच्या वर येतात आणि खाली आई-बाप राखणीला असतात. तेव्हा त्या पुंजक्याखाली गळ टाकला तर राखणदार हमखास सापडतो, रागाने झेपावतो म्हणून. गावातली पोरं टाकतात. काका त्यांच्या मागे काठी घेऊन धावतात, या वयात.

आईच्या चिल्लरीचा विषय मी आधी हसण्यावारी नेला होता. पुस्तिका या माशांना तळ्यातलं तण समजते. ते कार्पचं खाणं खातात, प्राणवायू वापरतात, सबब काढा. मग बांगलादेशातल्या कामाबद्दल वाचलं. शकुंतला थिलस्टेड यांना 2021 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. मोला नावाचा बोटाएवढा चंदेरी मासा, बंगालीत मौरला, तो डोक्यासकट खाल्ला तर त्यातून जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम इतकं मिळतं की मोठ्या माशाच्या तुकड्यातून मिळणार नाही. कार्पच्या तळ्यात तो राहू दिला तर कार्पचं उत्पन्न घटत नाही, असंही तिथे दिसून आलं. मोठा मासा विकला जातो, त्याचे पैसे पुरुषांच्या हातात येतात. चिल्लर घरात शिजते आणि मुलांच्या ताटात पडते. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एवढं सांगायला बाई परदेशात जावं लागलं?” थिलस्टेड मूळच्या त्रिनिदादच्या, हे मी तिला सांगितलं नाही.

आमच्या भागातही हे काम झालेलं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवर महिलांच्या गटांना सोबत घेऊन अर्जुनी मोरगावकडच्या तलावांतली बेशरम ही माजलेली वनस्पती उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणायची खटपट केली. त्यांच्या कामाबद्दल ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की मी माशांची यादी करत बसले होते आणि गवताची यादी केलीच नव्हती. काठाला वनस्पती असल्या की चिल्लर अंडी घालते, मरळ पिल्लं लपवते, रोहूला चरायला काड्या मिळतात. उजाड काठाच्या बोडीत कितीही जाती सोडा, सगळे बाहेरून घातलेल्या खाद्याच्या वाट्याकडेच बघत राहतात. तेव्हापासून मागची पाळ आम्ही खरवडत नाही. भावाला ती अस्वच्छ वाटते.

बाकी देखभालीचं फारसं सांगण्यासारखं नाही. बोडी भरायच्या आधी चुना, मग थोडं थोडं शेण, खाद्य म्हणून कोंडा आणि ढेप (मोहाची नव्हे, खायची) निम्मी निम्मी. हात कोपरापर्यंत बुडवला आणि तळवा अंधुक झाला की पाणी बरोबर. स्वच्छ दिसला तर खाणं नाही. मनगटाशीच हरवला तर शेण बंद. आभाळ गच्च भरलेलं असेल, तीन-चार दिवस ऊन नसेल, तर पहाटे जाऊन बघावंच लागतं. माशांनी तोंडं वर काढून हवा ओढायला सुरुवात केली की त्यांच्यातही क्रम असतो. कटला लवकर येतो, रोहू मागाहून, मृगळ आणि सायप्रिनस आणखी उशिरा. मरळीला त्यातलं काही सोयरसुतक नाही. अशा पहाटे भाऊ पंप लावून पाणी उडवतो आणि त्या अर्ध्या तासापुरता बाजारभाव, वजन, टक्केवारी सगळं विसरतो.

यंदाचं ठरलं ते असं. कटला 110, रोहू 150, मृगळ 80, सायप्रिनस 40, गवत्या 20. सिल्व्हर नाही. कार्प आमचा, त्यात काकांचा ओढणीचा वाटा. मरळ आणि वाघूर पूर्ण काकांचे, आमच्या घरी वर्षातून चार द्यायच्या. चिल्लर जाळं ओढायला येणाऱ्या बायांची, आणि आईला एक टोपली. कोष्टकाप्रमाणे रोहू जरा जास्त झालाय हे मला माहीत आहे. पण आमच्या बोडीत बुडालेली धानाची खुंटं आणि गवत भरपूर, आणि आठवडी बाजारात तो कटल्याच्या बरोबरीने जातो.

भांडण आता खड्ड्यावरून आहे. मे महिन्यात जेसीबी बोलावून उत्तरेच्या कोपऱ्यातला डबरा दोन हात खोल करायचा विचार चाललाय. भावाचं म्हणणं, तेवढ्या पाण्यात बोटुकल्या उन्हाळाभर दाटीने जगवता येतील, म्हणजे पुढल्या सालापासून मोठं बीज घरचंच. काकांचं म्हणणं, उन्हाळ्यात पाणी राहिलं तर पहिल्यांदा तिथे मरळ जाईल आणि तुमच्या बोटुकल्या तिच्या पोटात. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून डबरे दोन करायचे, एक उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि बोटुकल्यांच्या डबऱ्याला चहूबाजूंनी हातभर उंच जाळी, मरळ जमिनीवरूनही येते म्हणून. दुसऱ्या डबऱ्याच्या डिझेलचे पैसे कोणी द्यायचे, ते अजून ठरायचं आहे.